क्रौंचीचे काय झाले?

काव्यशास्त्राने आपल्या उगमाची म्हणून जी कथा जपली, ती एका हत्येची कथा आहे. तमसेच्या काठी क्रौंचयुगुलातील नर निषादाच्या बाणाने पडतो, मादी आक्रंदते आणि ते पाहणाऱ्या ऋषीच्या मुखातून छंदोबद्ध शापवाणी बाहेर पडते. शोकाचा श्लोक झाला हे सूत्र त्यातून निघाले. मराठी समीक्षेत ते इतके रुळले आहे की त्याकडे पुन्हा वळून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. वळून पाहिले तर एक साधी गोष्ट ध्यानात येते. ज्या शोकाचा श्लोक झाला तो पाहणाऱ्याचा शोक होता. क्रौंचीचे आक्रंदन काव्याला निमित्त पुरवते आणि कथेतून नाहीसे होते. पुढे ब्रह्मदेव येतात, ऋषीला रामायण रचण्याची आज्ञा होते. त्या झाडावर त्या रात्री काय झाले असेल, याची विचारपूस आदिकवीही करीत नाही.

परंपरेचे या पक्षिणीकडे किती दुर्लक्ष झाले याचा एक मासलेवाईक पुरावा ‘ध्वन्यालोका’त आहे. रामायणात नर मारला जातो. आनंदवर्धनाच्या प्रचलित पाठात मात्र मारली गेलेली सहचरी आहे आणि आक्रोश करणारा क्रौंच आहे. अभ्यासकांनी या विसंगतीवर पुष्कळ चर्चा केली, पाठ दुरुस्त करून पाहिले, व्यंग्यार्थाने तिची संगती लावली. पण दोघांपैकी मेले कोण आणि मागे राहिले कोण, हा तपशील बदलला तरी सिद्धांताला धक्का बसला नाही, हीच यातली अर्थपूर्ण गोष्ट होय. अभिनवगुप्त तर याच स्थळी अधिक स्पष्ट बोलतो. हा शोक मुनीचा स्वतःचा मानू नये, असे तो बजावतो. मुनी स्वतः दुःखाने व्याकुळ असता तर रसाला अवकाशच उरला नसता. व्यक्तिगत शोक आणि आस्वाद्य करुण यांत त्याने ओढलेली ही रेषा साधारणीकरणाच्या विचाराचा कणा आहे, आणि ती योग्यच आहे. फक्त तिचा एक परिणाम असा झाला की रेषेच्या अलीकडे जो राहिला, ज्याचे माणूस खरोखरच मारले गेले, त्याचा शोक निराकार, अनघड, केवळ कच्चा माल ठरला. त्याला स्वतःचा काही आकृतिबंध असू शकतो, ही शक्यता काव्यशास्त्राच्या कक्षेतच आली नाही.

पाश्चात्त्य विचारात चित्र फारसे वेगळे नाही. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या शोक आणि विषण्णता यांवरील निबंधात फ्रॉइडने शोकाला ‘कार्य’ म्हटले. प्रत्येक आठवण, प्रत्येक अपेक्षा वास्तवापुढे उभी केली जाते, ते माणूस आता नाही असा निवाडा प्रत्येक वेळी मिळतो आणि मन हळूहळू त्या माणसापासून सुटे होते, असे हे कार्य. आघाताच्या आधुनिक सिद्धांताने मात्र फ्रॉइडच्या १९२० सालच्या ग्रंथातील पुनरावृत्तीच्या कल्पनेवर भर दिला. कॅथी कॅरुथ यांच्या १९९६ सालच्या, या क्षेत्रात प्रमाण ठरलेल्या पुस्तकाचा आरंभ फ्रॉइडने उल्लेखिलेल्या टासोच्या महाकाव्यातील एका प्रसंगाने होतो. टँक्रेड आपल्या प्रेयसीला नकळत ठार करतो आणि पुढे एका झाडावर तलवार चालवतो तेव्हा त्या झाडातून तिचाच आवाज येतो. रूथ लेज यांनी २००० साली यावर घेतलेला आक्षेप बिनतोड आहे: येथे आघातग्रस्त म्हणून ज्याची गणना होते तो मारणारा आहे. म्हणजे एका परंपरेच्या आरंभी पाहणारा, दुसरीच्या आरंभी मारणारा. मागे राहिलेल्याला दोन्हीकडे जागा नाही.

मागे राहिलेला काय करतो, हे पाहण्यासाठी महाराष्ट्राला दूर जावे लागत नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर गोळ्या झाडण्यात आल्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक आणि ‘साधना’चे संपादक म्हणून त्यांचे कार्य येथे सांगण्याचे कारण नाही. येथे प्रश्न त्यांच्या मृत्यूचाही नाही, त्यानंतरचा आहे.

दाभोलकरांनी देहदानाचा संकल्प केलेला होता. हत्या झाली म्हणून शवविच्छेदन अटळ झाले, आणि विच्छेदन झालेला देह वैद्यकीय महाविद्यालयाच्या उपयोगाचा राहिला नाही. हिंसक मृत्यूच्या स्वरूपाविषयी एखाद्या ग्रंथाने सांगावे त्याहून अधिक या एका तपशिलात आहे. मारेकऱ्याने आयुष्य तर घेतलेच, पण मरणाची त्या माणसाने स्वतः निवडलेली रीतही घेतली. साताऱ्यात कोणत्याही धार्मिक विधीविना त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. मुलगा असताना चितेला अग्नी मुलीने, मुक्ता दाभोलकरांनी, दिला. रक्षा विधीविना गोळा करून शेतात विखुरण्यात आली. देहदान गेले तेव्हा कुटुंबाने उरलेल्या प्रत्येक कृतीत त्या माणसाची निवड जपण्याचा प्रयत्न केला, असे याचे वाचन करता येईल.

विधी नाकारणाऱ्या घराचा शोक हा मराठी सुधारणावादाचा एक न लिहिला गेलेला अध्याय आहे. परंपरेजवळ शोकाची तयार चौकट असते: सुतकाचे दिवस, दहावा, तेरावा, मासिक श्राद्ध, वर्षश्राद्ध. खेड्यापाड्यांतून बायका हेल काढून रडतात आणि त्या रडण्यात मेलेल्याचे गुण, त्याने केलेले कष्ट, त्याच्या लकबी एकामागून एक येत जातात. सुशिक्षित मध्यमवर्गाने हे रडणे अशिष्ट म्हणून केव्हाच सोडले. सुधारकांनी विधीही सोडले, आणि तत्त्वासाठी सोडले. मग हातात काय उरते? दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा नातलग हात जोडून मृताला उद्देशून आश्वासने देतात: मुलीचे लग्न आम्ही पाहू, भावाला अंतर देणार नाही. कावळ्याचा त्यात काही संबंध नाही हे दाभोलकरांनीच लोकांना आयुष्यभर समजावले. पण त्या क्षणी जे घडते ते मनुष्यांत घडते. मृताची अपुरी इच्छा जिवंतांचे उत्तरदायित्व बनते, आणि तीही चारचौघांसमोर. बुद्धिप्रामाण्यवाद्याला कावळा सोडता येतो. वचन सोडता येत नाही. अपमृत्यू आलेल्यांसाठी धर्मशास्त्राने नारायणबलीसारखे वेगळे विधान सांगितले. त्यामागची कल्पना अग्राह्य असली, आणि तिच्या नावावर होणारे शोषण निंद्य असले, तरी अवेळी व हिंसेने आलेले मरण नेहमीच्या शोकात मावत नाही एवढे तिने ओळखले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

दाभोलकरांच्या बाबतीत ही अपुरी इच्छा कोणती, हे शोधावे लागले नाही. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी आयुष्याची पुष्कळ वर्षे घातली होती आणि सत्ता कोणाचीही असो, विधेयक रखडत राहिले होते. हत्येनंतर चार दिवसांनी, २४ ऑगस्ट २०१३ रोजी, वटहुकूम निघाला. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. जिवंत माणसाच्या युक्तिवादाला जे मिळाले नाही ते त्याच्या मृतदेहाला मिळाले. चळवळीच्या इतिहासात हा विजय म्हणून नोंदला जाईल. घरात त्याची नोंद कोणत्या रकान्यात होत असेल, याचा तर्क बाहेरच्याने न केलेला बरा.

पुढे पुलावर जे सुरू झाले ते या लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. दर महिन्याच्या वीस तारखेला, सकाळी, त्याच पुलावर कार्यकर्ते आणि कुटुंबीय जमू लागले. मासिक श्राद्धाशी याचे बाह्य साम्य उघड आहे, आणि ते दाखवून टोमणा मारणे सोपे आहे. पण साम्याहून भेद बोलका आहे. श्राद्ध तिथीने चालते, हे तारखेने. पंचांगातल्या नव्हे, पोलिसांच्या नोंदवहीतल्या तारखेने. श्राद्धाच्या मासिक आवर्तनाला शेवट आहे: शास्त्राने वर्षाअखेरीस, व्यवहारात बाराव्या दिवशीच, सपिंडीकरण होते आणि प्रेत पितरांच्या रांगेत जाऊन बसते. मृताला वेगळे नाव, वेगळी आठवण असण्याचा काळ तेथे संपतो. वीस तारखेला असे सपिंडीकरण नव्हते. हत्येपासून १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत ही तारीख १२८ वेळा आली.

एखादा आघातशास्त्रज्ञ यात पुनरावृत्तीचा हट्ट पाहील: मन घटनास्थळी पुन्हा पुन्हा खेचले जाते, कारण ती घटना त्याला पहिल्यांदा पुरती भोगताच आली नाही. हे निदान येथे लागू पडत नाही. आघातातील पुनरावृत्ती माणसाला न विचारता येते, स्वप्नातून, अवेळी, एकट्यात. ही तारीख ठरवून येते, लोकांसोबत येते, आणि तिचा रोख भूतकाळाकडे नसतो. आपोआप होणाऱ्या आवर्तनाचे निवडलेल्या आवर्तनात रूपांतर करणे, हीच कदाचित मागे राहिलेल्याच्या शोकाची पहिली रचना असावी. दाभोलकरांचे चिरंजीव हमीद व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ आहेत हे येथे सहज आठवते. शोकाची वैद्यकीय परिभाषा ज्याला हातच्या हत्यारासारखी अवगत आहे, त्याच्या जाहीर बोलण्यात तपास, कायदा, न्यायालय हेच शब्द अधिक ऐकू येत राहिले.

स्थळाकडे परतण्याच्या या कृतीला आधुनिक भारतात एक पूर्वोदाहरण आहे, आणि ते रंगभूमीचे आहे. १ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीलगतच्या साहिबाबादमध्ये झंडापूर येथे ‘हल्ला बोल’ या पथनाट्याचा प्रयोग चालू असताना जन नाट्य मंचावर हल्ला झाला. सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी मरण पावले. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मलयश्री हाश्मी सहकाऱ्यांना घेऊन त्याच जागी गेल्या आणि तुटलेला प्रयोग त्यांनी पूर्ण केला. या घटनेचे वर्णन नेहमी धैर्य या शब्दाने होते. शब्द खोटा नाही, अपुरा आहे. समीक्षकाच्या नजरेला त्यात संहितेचा प्रश्नही दिसायला हवा. हिंसेने एक संहिता मध्येच तोडली होती. ती तशीच राहिली असती तर त्या तुटीवर शेवटची सही मारेकऱ्यांची राहिली असती. तिसऱ्या दिवशी ती सही पुसली गेली. पतीच्या मृत्यूनंतर दोन दिवसांनी संवाद म्हणणाऱ्या स्त्रीला विरेचन झाले काय, हा ॲरिस्टॉटलच्या वाचकाला सुचणारा प्रश्न तेथे गैरलागू आहे. विरेचन प्रेक्षकाचे असते.

पुलावरच्या जमावाजवळ नाटक नव्हते. तेथे एक प्रश्न होता, आणि तोच पुढे ‘जवाब दो’ या नावाने मोहीम बनला. हा प्रश्न शोकाच्या व्याकरणात कोठे बसतो? विलाप सामान्यतः मृताला उद्देशून असतो: का गेलास, कोणाच्या भरवशावर सोडून गेलास. शाप मारणाऱ्याला उद्देशून असतो. ‘जवाब दो’चा श्रोता मृतही नाही आणि मारेकरीही नाही, ज्याच्याजवळ सामर्थ्य होते आणि ज्याने ते वापरले नाही असा तिसराच कोणी आहे. याचा पूर्वज क्रौंचवधाच्या कथेत सापडत नाही, महाभारताच्या स्त्रीपर्वात सापडतो. रणभूमीवर शंभर पुत्रांची प्रेते पाहत फिरलेली गांधारी दीर्घ विलाप करते आणि अखेरीस शाप देते. तो भीमाला नाही, अर्जुनाला नाही, कृष्णाला. हे थोपवणे तुझ्या हाती असताना तू उपेक्षा केलीस, हा तिचा आरोप आहे. संस्कृत साहित्यात शोकग्रस्त स्त्रीने स्वतःच्या तोंडाने केलेली याहून नेमकी राजकीय मांडणी क्वचितच असेल, आणि करुण रसाची उदाहरणे देताना अभ्यासक्रम विलापापाशी थांबतात व या आरोपाला वळसा घालतात हे खेदाने नोंदवले पाहिजे. फरक एवढाच की गांधारीजवळ तपाचे बळ होते. शाप उच्चारला की तो खरा होणार होता. नागरिकाजवळ अर्ज असतो.

अर्ज, जबानी, याचिका, उलटतपासणी: हेच मागे राहिलेल्याच्या शोकाचे आधुनिक वाङ्मयप्रकार होत, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी ते अद्याप वाङ्मय म्हणून वाचलेले नाहीत. या प्रकारांची अट कठोर आहे. साक्षीला तारीख हवी, वेळ हवी, अंतर हवे, विशेषणे नकोत. ज्याच्या मरणाने शब्द फुटेनासा होतो त्याच्याविषयी केवळ विधानार्थी वाक्यांत बोलावे लागते, आणि समोरचा वकील त्या वाक्यांत फट शोधत असतो. काव्यशास्त्राला हवा असलेला अंतराय, ते ताटस्थ्य, येथेही आहे. फक्त ते आस्वादासाठी नाही आणि स्वेच्छेचेही नाही. फ्रॉइडच्या रूपकाला येथे वेगळाच पेच पडतो. माणूस गेले आहे हा वास्तवाचा निवाडा मनाला वारंवार मिळत राहतो, पण कोणी नेले, कोणाच्या सांगण्यावरून, हे वास्तवच जेथे ठाऊक नाही तेथे तो निवाडा अर्धाच राहतो. २०१४ साली उच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे दिला. पुढे तपासावर न्यायालयाची देखरेख राहावी म्हणून कुटुंबाने याचिका केली. मधल्या काळात पोलिसांनी तपासासाठी प्लँचेटचा आधार घेतल्याचा आरोप प्रसिद्ध झाला आणि पोलिसांकडून तो नाकारला गेला. खरेखोटे काहीही असो, ज्या माणसाने हयातभर असल्या थोतांडाशी झुंज दिली त्याच्या मुलांना ही बातमी वाचावी लागली. २०२४ च्या निकालात गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. कटामागे कोण, हा प्रश्न त्याने मिटला नाही, अशीच कुटुंबीयांची भूमिका राहिली.

या सर्व काळात समाजानेही आपला शोक व्यक्त केला, आणि त्याच्या भाषेविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे. ‘आम्ही सारे दाभोलकर’ ही घोषणा महाराष्ट्रभर झाली. तिच्यामागचा आधार देण्याचा हेतू निर्मळ होता. तरी त्या सर्वनामात एक लहानशी हिंसा आहे: सगळेच दाभोलकर झाले तर ज्यांच्या घरातले दाभोलकर गेले त्यांचे वेगळेपण पुसले जाते. माणूस मारता येतो, विचार मारता येत नाही, हे वाक्यही असेच. चळवळीला त्याने बळ मिळाले. पण घरातून जे गेले तो विचार नव्हता. विचार पुस्तकांत, कार्यकर्त्यांत, कायद्याच्या कलमांत सुरक्षित होता. गेला तो माणूस. सार्वजनिक माणसाच्या हत्येनंतर कुटुंब त्याला दोनदा गमावते, एकदा मृत्यूने आणि एकदा प्रतीकाने, आणि दुसऱ्या वेळी रडण्याचीही सोय नसते, कारण हार घालणारे आपलेच असतात. साधारणीकरणाची ही रस्त्यावरची आवृत्ती म्हणता येईल.

कोल्हापूरचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमा यांच्यावर घराजवळ गोळ्या झाडल्या गेल्या. पानसरे २० तारखेला गेले, उमाताई वाचल्या. आघाताच्या सिद्धांताने बळी, साक्षीदार आणि शोकग्रस्त यांच्यासाठी केलेले तीन वेगवेगळे कप्पे या एका व्यक्तीत एकमेकांत मिसळून जातात. शिवाय या घराला शोक नवा नव्हता. पानसऱ्यांचा कार्यकर्ता मुलगा अवि आधीच, तरुण वयात, गेला होता. त्याच्या स्मृतीसाठी वडिलांनी व्याख्यानमाला चालवली. मुलाच्या जाण्यावर वडिलांनी काही लिहिले, बोलले असेल ते असो; दरवर्षी ठरल्या दिवसांत सभागृह भरवायचे, वक्ते बोलवायचे, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचतो की नाही ते पाहायचे, हे त्यांनी शोकाला दिलेले रूप होते. त्याच मुलाची पत्नी, रशियन भाषेच्या अध्यापक आणि अनुवादक मेघा पानसरे, पुढे सासऱ्यांच्या खुनाच्या तपासासाठी न्यायालयात उभ्या राहिल्या. दोन मृत्यू, एक नैसर्गिक आणि एक हिंसक, एकाच उंबऱ्यातून गेले, आणि दोहोंना एकच भाषा पुरली नाही: पहिल्याला व्याख्यानमाला पुरेशी होती, दुसऱ्याला वकीलपत्र लागले.

धारवाडला तीही सोय लवकर झाली नाही. वचनसाहित्याचे थोर संशोधक एम. एम. कलबुर्गी यांची ३० ऑगस्ट २०१५ रोजी सकाळी त्यांच्या घराच्या दारात हत्या झाली. आलेला माणूस सरांना भेटायला आला आहे अशा समजुतीने उमादेवी कलबुर्गी यांनी दार उघडले आणि पतीला हाक मारून त्या आत स्वयंपाकघराकडे वळल्या, असे त्या वेळच्या वृत्तांतांत आले. या वाक्याचे भाष्य करू नये. आल्यागेल्याला दार उघडणे, काही हवे नको पाहणे, ही कोणत्याही अध्यापकाच्या घरातली रोजची गोष्ट. तिच्यावर पुढे आयुष्यभर कोणता अर्थ चढत राहील हे सांगण्याचा अधिकार समीक्षेला नाही. बाहेरच्याला वाचता येण्याजोगे जे आहे ते एवढेच: २०१८ साली उमादेवींनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१९ साली न्यायालयाने तपास गौरी लंकेश यांच्या हत्येचा तपास करणाऱ्या विशेष पथकाकडे सोपवला. कलबुर्ग्यांनी आयुष्यभर शतकांपूर्वीच्या हस्तलिखितांतील पाठ लावले, कोणता शब्द कोणाचा हे ठरवले. त्यांच्या पत्नीने लिहवून घेतलेला तो अर्ज कन्नड साहित्याच्या कोणत्याही संग्रहात असणार नाही. त्यात घटनेची तारीख आहे, तपासाला झालेला विलंब आहे, आणि शेवटी प्रार्थना या शीर्षकाखाली, कायद्याच्या ठरीव भाषेत, मागणे आहे.